पंचनाम्याबाहेरची मुले

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास लिहावयास कोणी बसलाच, तर त्यास लोकलच्या वेळापत्रकाबरोबर आपत्तींची जंत्रीही हाताशी ठेवावी लागेल. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात पावसाने भिजलेली दरड झोपड्यांवर आली आणि सत्तरांहून अधिक माणसे तिच्याखाली गाडली गेली; १३ मार्च २००३ च्या सायंकाळी मुलुंड स्थानकात शिरणाऱ्या कर्जत लोकलमध्ये, स्त्रियांच्या डब्यात, बॉम्बस्फोट झाला; २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली व त्याच दिवशी साकीनाक्याला डोंगराचा कडा वस्तीवर कोसळला; ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, त्यांतला एक जोगेश्वरीस तर एक बोरिवलीस; २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धीसाई ही चार मजली इमारत भरदिवसा बसली; आणि १३ मे २०२४ रोजी त्याच घाटकोपरात, छेडानगरच्या पेट्रोलपंपावर, वादळी वाऱ्याने अजस्र जाहिरातफलक आडवा झाला व सतरा जणांचा प्राण गेला. यांतील प्रत्येक प्रसंगी रीतसर पंचनामे झाले, मृतांच्या व जखमींच्या याद्या लागल्या, भरपाईच्या रकमा जाहीर झाल्या. परंतु वडील नेहमीच्या गाडीने आले नाहीत म्हणून रात्रभर दाराशी बसून राहिलेली मुलगी, किंवा काल जिथे मित्राची खोली होती तिथे आज नुसता चिखल पाहिलेला मुलगा, यांच्यासाठी कोणत्याही पंचनाम्यात रकाना नसतो. कारण त्यांच्या अंगाला ओरखडाही उठलेला नसतो.

ही झाली वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलेली संकटे. त्यांहून कितीतरी अधिक संकटे गाजावाजा न होता घडतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर रूळ ओलांडताना, डब्यातून पडून वा अन्य कारणांनी वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या मागे घरी कोणीतरी शाळकरी मूल असणार हे सांगावयास आकडेमोड नको. घरातल्या घरात आईला होणारी मारहाण, दारूपायी रात्री उठणारा कल्लोळ, वस्तीवर अचानक फिरणारा बुलडोझर, आणि ज्याविषयी घरात बोलण्याचीही चोरी असते तो लैंगिक अत्याचार, यांची गणती तर त्याहून कठीण. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार वाट्यास आल्याचे सांगितले, आणि अत्याचार करणाऱ्यांत निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे वा विश्वासातले निघाले. पुढे करोनाची साथ आली. आईवडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने जून २०२१ मध्ये घेतला, तो स्तुत्यच होय. पण मुदतठेव मूल एकवीस वर्षांचे झाल्यावर हाती येते आणि भीती मात्र पहिल्याच रात्री येते, या दोहोंमधील काळाची तजवीज कोणत्या खात्याने करावयाची, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

आता ही भीती म्हणजे नेमके काय, ते पाहू. आपल्याकडे आजीबाईंच्या भाषेत मुलाने ‘धसका घेतला’ असे म्हणतात, आणि वैद्यकाने त्यास ‘मानसिक आघात’ म्हटले तरी वर्णन जवळजवळ तेच राहते. संकटाच्या क्षणी मेंदूतील अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग सर्व शरीरास धोक्याचा इशारा देतो; छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, पचन थांबते. धोका टळला की हा इशारा शमावा ही निसर्गाची योजना. परंतु आघात फार तीव्र असला, अथवा पुनःपुन्हा होत राहिला, तर इशारा शमत नाही. आणि घडलेल्या गोष्टीस स्थळकाळाचे भान देऊन ती ‘झाली, संपली’ अशी स्मृतीच्या दप्तरात दाखल करण्याचे जे काम मेंदूचे इतर भाग करतात, ते अपुरे राहते. मग ती आठवण भूतकाळात राहत नाही. दिवाळीतल्या फटाक्याचा आवाज, ओल्या मातीचा वास, विशिष्ट अत्तर लावलेला एखादा काका, एवढे निमित्त तिला पुरते, आणि मुलाचे शरीर पुन्हा त्या दिवशी जाऊन उभे राहते.

प्रौढ माणूस हे निदान सांगू शकतो. मूल सांगत नाही, ते करून दाखविते. चार वर्षांचे पोर, जे केव्हाच स्वच्छतेस सरावले होते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, बोबडे बोलते, आईचा पदर सोडीत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे शाळेत जाताना नेमके पोट दुखते, आणि ‘मी त्या दिवशी हट्ट केला म्हणून बाबा गेले’ असा एक गुप्त हिशेब त्याने मनाशी मांडलेला असतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा रागीट होतो, अभ्यास सोडतो, चालत्या गाडीच्या दारात लटकतो, आणि लोक म्हणतात, वाईट संगत लागली. कित्येकदा मूल अतिशय शहाण्यासारखे, गुपचूप वागू लागते, आणि घरचे समाधानाने सांगतात की याला काही कळलेले दिसत नाही. माझ्या मते सर्वांत अधिक काळजी याच मुलाची करावी.

मुलांना ‘काही कळत नाही’ हा समज केवळ आपलाच नव्हता. १५ जुलै १९७६ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात चौचिला या गावी शाळेच्या बसमधील सव्वीस मुलांचे, चालकासह, अपहरण झाले. त्यांना एका खाणीत पुरलेल्या मालमोटारीच्या डब्यात कोंडण्यात आले, आणि कित्येक तासांनी ती सर्व स्वतःच माती उकरून बाहेर पडली. एकाही मुलास गंभीर शारीरिक इजा नव्हती. लेनोर टेर नावाच्या बालमनोविकारतज्ज्ञ बाईंनी या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा चार वर्षांनंतरही तपासलेल्या प्रत्येक मुलात त्या दिवसाच्या खुणा आढळल्या. ही मुले पुनःपुन्हा एकच खेळ खेळत, ज्यात आनंद असा नव्हताच. आपल्याला अशुभ शकुन आधीच झाला होता असे त्यांना वाटे. आणि आपण फार जगणार नाही, अशी कित्येकांची खात्री झाली होती.

तथापि या गोष्टीवरून प्रत्येक घाबरलेल्या मुलास रुग्ण ठरविण्याचेही कारण नाही. जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१४ साली मांडला गेला, त्यात आघातकारक प्रसंगातून गेलेल्या मुलांपैकी साधारण सहांतील एकास पूर्ण स्वरूपाचा आघातोत्तर तणावविकार जडतो असे निघाले. अपघात वा नैसर्गिक आपत्ती असेल तर प्रमाण कमी, माणसानेच माणसावर केलेला अत्याचार असेल तर अधिक. बाकीची मुले काही आठवड्यांत सावरतात. ती कशाच्या बळावर सावरतात, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात लंडनने दिले. तेथे ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी हॅम्पस्टेड भागात युद्धकालीन शिशुगृहे चालविली. बॉम्बवर्षावापासून वाचविण्यासाठी ज्या मुलांना आईपासून तोडून दूर सुरक्षित ठिकाणी धाडले होते, त्यांतली कित्येक, आईच्या कुशीत भुयारात रात्र काढणाऱ्या मुलांहून अधिक खचलेली त्यांना आढळली. बॉम्बपेक्षाही ताटातूट वाईट, असा त्यांचा निष्कर्ष होता. आई शांत असली तर मूल स्फोटातही झोपे. आई थरथरू लागली की ते थरथरे.

या एका निरीक्षणात पुढील ऐंशी वर्षांच्या उपचारशास्त्राचे बीज आहे. मुलाच्या आघातावरील उपचार हा एकट्या मुलावरचा उपचार असू शकत नाही. त्याच्या शेजारी बसणारे जे कोणी मोठे माणूस असेल, आई, आजी, मामा, वा बालगृहातील ताई, त्या माणसास सावरणे हा उपचाराचा निम्मा भाग होय. म्हणून एखाद्या केंद्राची पारख करताना मी प्रथम एवढेच पाहीन, की तेथे मुलास आत घेऊन आईला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात, की तिच्यासाठीही एक खुर्ची व एक तास राखून ठेवलेला असतो.

या बाबतीत मुंबईचा वारसा चांगला आहे, आणि तो पुष्कळांस ठाऊक नाही. क्लिफर्ड मॅनशर्ड्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाड्याच्या गिरणीकामगारांच्या वस्तीत नेबरहुड हाउस चालविले, आणि त्याच्याच पुढाकाराने १९३६ साली तेथे सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था उघडली, जी आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. लगोलग, १९३७ साली, या शाळेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. हिंदुस्थानातील ते पहिले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. के. आर. मसानी यांचे नाव या केंद्राच्या आरंभीच्या काळाशी निगडित आहे. त्यांनीच १९३८ मध्ये जे. जे. रुग्णालयात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे केंद्र वेड्यांच्या इस्पितळाच्या आवारात जन्मास न येता समाजकार्याच्या शाळेत जन्मास आले. त्यामुळे तेथे तिघांनी मिळून काम करण्याचा शिरस्ता पडला: मनोविकारतज्ज्ञाने मुलाचे निदान करावे, मानसशास्त्रज्ञाने खेळ व चाचण्या यांतून त्याचे मन जाणावे, आणि समाजकार्यकर्तीने घरी जाऊन चूल, भांडण, कर्ज, शेजार यांची हकीकत घ्यावी. संस्था पुढे काही काळ अंधेरीस होती आणि १९५४ मध्ये देवनारला स्थिरावली; बालमार्गदर्शन केंद्र परळच्या वाडिया बालरुग्णालयात चालू लागले. तिघांच्या पथकाची ही रीत मात्र देशभर गेली.

याच संस्थेच्या अंगणात आणखी दोन रोपे लागली. १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तांच्या कचेरीतच ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ उघडला. फिर्याद घेऊन आलेल्या बाईस हवालदाराआधी समाजकार्यकर्ती भेटावी ही त्यामागची कल्पना, जी पुढे महाराष्ट्रभर पसरली. आणि १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने १०९८ हा चाइल्डलाइनचा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला, जो आज सरकारने आपल्या हाती घेतला आहे.

आता प्रत्यक्ष उपचार कसे चालतात? घटना घडल्यावर पहिल्या काही दिवसांत तर ‘उपचार’ करावयाचाच नसतो. मुलास समोर बसवून ‘काय काय पाहिलेस, सगळे सांग’ असे खोदून विचारणे, हे पूर्वी हितकारक मानले जाई. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत तसे करू नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि आघातोत्तर लक्षणांसाठी मुलांना झोपेच्या गुंगीच्या गोळ्या देण्याचाही निषेध केला आहे. त्याऐवजी मूल सुरक्षित आहे ना, जेवले आहे ना, आपल्या माणसाजवळ आहे ना, हे पाहावे; ते बोलेल तेवढे ऐकावे; आणि जरूर त्या मदतीशी गाठ घालून द्यावी. आपत्तीनंतर तिसऱ्याच दिवशी वस्तीत पोहोचणारे कॅमेरे, आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या मंडळांच्या चित्रकलास्पर्धा, यांतून नेमके उलटे घडते. मुलाने चित्र काढावे, जरूर काढावे. पण कोसळलेल्या इमारतीच्या चित्रास पहिला क्रमांक देण्याइतके असंस्कृत आपण होऊ नये.

महिना उलटूनही लक्षणे हटली नाहीत, तर मात्र शिस्तशीर उपचार हवेत. यांतील सर्वाधिक तपासून पाहिलेली पद्धत म्हणजे ज्युडिथ कोहेन, ॲन्थनी मॅनारिनो व एस्थर डेब्लिंजर या तिघांनी सिद्ध केलेला आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार. साधारणतः बारा ते सोळा बैठकांचा. समजा, मुलुंडच्या एका चाळीतील नऊ वर्षांच्या मुलाचे वडील लोकलमधून पडून वारले. पहिल्या काही बैठकांत त्या घटनेची सविस्तर कहाणी विचारली जाणार नाही. झोप न लागणे, दचकणे, चिडणे हे वेडेपण नसून शरीराने शिकलेले रक्षण आहे, एवढे मुलाला व त्याच्या आईला समजावून दिले जाईल. मग श्वास लांबविणे, अंग सैल सोडणे, भावनेला नाव देणे शिकविले जाईल. एकाग्रतेने केलेला प्राणायाम यात बेमालूम बसतो, हे आपल्या तज्ज्ञांना सांगावे लागत नाही. एवढी तयारी झाली की मूल थोडे थोडे करून त्या दिवसाची कहाणी सांगू, लिहू वा चितारू लागते. आणि ‘मीच डब्यात खाऊ आणा म्हणालो, म्हणून ते धावले’ असे वाक्य तिच्यात आले की उपचारक तेथे थांबतो, कारण गाठ तिथेच असते. प्रत्येक बैठकीनंतर तेच काम आईबरोबर स्वतंत्रपणे होते, आणि शेवटी एके दिवशी मूल ती कहाणी आईला वाचून दाखविते. ही बैठक सर्वांत अवघड. आई रडली तरी चालेल, पण कोसळता कामा नये. तिने ऐकून घेतले पाहिजे, आणि ‘तुझा यात काही दोष नव्हता, सोन्या’ एवढे म्हणता आले पाहिजे. त्यासाठी आधीच्या दहा-बारा बैठका तिच्यासाठीही चाललेल्या असतात.

दुसरी पद्धत ईएमडीआर या आद्याक्षरांनी ओळखली जाते. फ्रॅन्सीन शापिरो या अमेरिकन बाईंनी ती १९८७ च्या सुमारास बांधली. तीत मूल ती आठवण मनात धरून डोळे उजवीडावीकडे फिरविते, किंवा दोन्ही हातांनी आळीपाळीने खांद्यांवर थोपटते. १९९७ साली मेक्सिकोतील अकापुल्कोस झालेल्या चक्रीवादळानंतर लुसिना आर्तिगास यांनी शेकडो मुलांसाठी एकदमच ही थोपटण्याची युक्ती काढली, आणि तिला ‘फुलपाखराची मिठी’ म्हणतात. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर हे तंत्र आपल्या देशात आले व मुंबईच्या तज्ज्ञांनी ते आत्मसात केले. डोळे फिरविण्याने नेमके काय घडते यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. गुण येतो यावर फारसा नाही. अगदी लहान, पाचसहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र बोलण्यापेक्षा खेळ हाच मार्ग: वाळूची पेटी, बाहुल्यांचे घर, लाकडी आगगाडी, आणि आई मांडी घालून शेजारी.

येथे आपल्या घरांतील एका वहिवाटीविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. मृत्यू मुलापासून लपविण्याची आपली पद्धत आहे. ‘बाबा गावी गेलेत’, ‘बाबा देवाघरी गेले’, असे सांगतात. पाच वर्षांचे मूल देवाघराचा पत्ता विचारते, आणि पुढे पंधरा दिवस दार वाजले की धावते. त्यास दहाव्या-तेराव्याच्या गर्दीतून आत्याकडे पाठवितात, म्हणजे ज्या काळी त्याला आपल्या माणसांची सर्वाधिक गरज, त्याच काळी त्याची ताटातूट होते. बालतज्ज्ञांचे मत याबाबत एकमुखी आहे: खरे सांगावे, साध्या शब्दांत सांगावे, पुनःपुन्हा विचारले तर पुनःपुन्हा सांगावे, आणि मुलाची इच्छा असेल तर निरोपाच्या वेळी त्यास कोणाच्या तरी हाताला धरून उभे राहू द्यावे. उलटपक्षी, संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणाऱ्या आजीला मात्र कोणी उगाच रागावू नये. मोहऱ्यांत औषध नाही. पण त्या वेळी मुलाच्या तोंडावरून फिरणारा हात, ठरलेली वेळ, ठरलेले शब्द, यांत ते पुष्कळ आहे. भगताकडे नेऊन धुरी देणे, मारणे, कोंडणे, हे मात्र नव्या आघाताचे कारण होते.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत उपचार व कायदा यांची सांगड अटळ असते, आणि सर्वांत अधिक घोळ तिथेच होतात. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमान्वये अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांस कळविण्याचे बंधन आहे. यातून डॉक्टर सुटला नाही, शिक्षक सुटला नाही, समुपदेशकही सुटला नाही. अपराधी सख्खा काका वा घरमालकाचा मुलगा असेल, घर त्याच्यावर अवलंबून असेल, तर आई समुपदेशकाकडे मुलीचे दुखणे घेऊन येते खरी, पण खबर पोलिसांत जाणार हे कळताच उठून जाते आणि मुलीचे उपचार तिथेच संपतात. हा कायदा मुलांच्या हिताचा आहे याविषयी मला शंका नाही. पण या कलमाने दार ठोठावणारे काही हात मागे खेचले जातात, हेही खरे. चांगले केंद्र पहिल्याच भेटीत हे बंधन उघड सांगते, आणि खबर देण्याच्या वाटेवर कुटुंबाबरोबर चालते.

वस्तुतः याच कायद्यात मुलासाठी पुष्कळ सवलती आहेत, ज्या लोकांना ठाऊक नसल्याने वाया जातात. मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षकाहून कमी दर्जाच्या नसलेल्या स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाची. मुलास रात्री ठाण्यात ठेवावयाचे नाही. फिर्याद नोंदली नसली तरी वैद्यकीय तपासणी व उपचार नाकारावयाचे नाहीत. साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या दृष्टीस पडू द्यावयाचा नाही. आणि तपासापासून निकालापर्यंत मुलाला एक ‘साहाय्यक व्यक्ती’ मिळावयाची. पश्चिम उपनगरांतील असे खटले दिंडोशीच्या सत्र न्यायालयात चालतात, आणि जबानीपासून साक्षीपर्यंत कित्येकदा वर्षे लोटतात. त्या काळात मुलीला सर्व विसरूही द्यावयाचे नाही आणि रोज आठवूही द्यावयाचे नाही, ही कसरत त्या साहाय्यक व्यक्तीची. ‘मजलिस’ या फ्लेव्हिया ॲग्नेस यांच्या विधिसंस्थेने मुंबईत या कामाचा पायंडा पाडला.

रुग्णालयांपुरते पाहिले तर उपनगरांनी एक गोष्ट साऱ्या देशाच्या आधी केली. महानगरपालिका व ‘सेहत’ ही संशोधनसंस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००१ च्या सुमारास ‘दिलासा’ हे केंद्र उघडले. मार खाऊन आलेल्या बाईच्या जखमेस टाके घालण्यापाशी न थांबता, ती जखम झाली कशी हे विचारणारी प्रशिक्षित बाई त्याच इमारतीत असावी, एवढा साधा हा विचार. २००८ पासून घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय, ओशिवऱ्याचे प्रसूतिगृह व हेच भाभा रुग्णालय या ठिकाणी लैंगिक अत्याचारग्रस्तांच्या तपासणीची व आधाराची एकत्रित व्यवस्था झाली, आणि तेथे येणाऱ्यांत अल्पवयीन मुली मोठ्या संख्येने असतात. पुढे ‘दिलासा’चे लोण पालिकेच्या इतर उपनगरी रुग्णालयांत गेले. आईच्या केसपेपरवर मुलाचे नाव नसते. पण तिच्या कडेवर बसून ते आलेले असते, आणि तिच्या सुरक्षिततेची तजवीज झाली की त्याच्या उपचाराचा पहिला हप्ता आपोआप चुकता होतो. शाळांतून मुलांना वैयक्तिक सुरक्षिततेचे धडे देण्याचे व अत्याचारग्रस्त मुलांच्या उपचाराचे काम २००६ साली स्थापन झालेली ‘अर्पण’ ही संस्था करते. मुलुंडकरांना तर ठाणे हे हाकेच्या अंतरावर; तेथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्यसंस्था, ‘आयपीएच’, मराठी कुटुंबांत संकोच मोडण्याचे काम गेली तीन दशके करीत आली आहे.

खाजगी उपचार घेऊ पाहणाऱ्याने मात्र डोळे उघडे ठेवावेत. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदव्युत्तर पदवीधर असतो व औषध तोच देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असावी लागते आणि तो नोंदणीक्रमांक विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आजमितीस जवळजवळ कोणीही लावू शकतो. त्यांत उत्तम माणसे आहेत, आणि दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलीही आहेत. म्हणून सरळ विचारावे: मुलांच्या आघातावर काम करण्याचे प्रशिक्षण आपण कोठे घेतले? आपल्यावर देखरेख कोणाची असते? पालकांना किती वेळा भेटता? साधारण किती बैठका लागतील? ‘एका बैठकीत भीती मुळासकट काढतो’ असे जो म्हणेल त्यास नमस्कार करून निघावे.

एवढे असूनही अपुरेपण डोळ्यांत भरते. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारीत ९३ लाखांवर होती; पण मुलांच्या मनाची जुनी, नावाजलेली केंद्रे बव्हंशी माहीमच्या खाडीच्या दक्षिणेस राहिली. बोरिवलीहून परळला आठवड्यातून एकदा, सकाळची मजुरी बुडवून, मुलाला घेऊन येणारी आई तिसऱ्या आठवड्यास थांबते, आणि तिचा कागद ‘रुग्ण आला नाही’ या शेऱ्यासह बंद होतो. बारा बैठकांच्या उपचारातील अडचण कित्येकदा शास्त्राची नसते, गाडीभाड्याची व रजेची असते. १९३७ साली नागपाड्यात तीन माणसांचे जे पथक बसले, तसे एकेक पथक राजावाडी, मुलुंडचे अगरवाल, जुहूचे कूपर व बोरिवलीचे भगवती या पालिका रुग्णालयांत, संध्याकाळच्या वेळी, कायम नेमणुकीवर बसविणे हे काही अशक्यप्राय स्वप्न नव्हे. आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे गटाराच्या व पाण्याच्या अर्जांबरोबर हाही एक अर्ज वाचकांनी करावा. तोवर, ज्यांच्या घरात असे मूल असेल त्यांनी लक्षात ठेवावे: मूल संकटात असेल तर १०९८, आणि मनाच्या दुखण्याविषयी विचारावयाचे असेल तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६, दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत, अहोरात्र चालतात, आणि १४४१६ वर मराठीत बोलता येते.